कागदी ताटलीची फुप्फुसं

लहूभाऊंच्या बेसमेंटच्या जिन्यावर बुटांना जागा उरली नव्हती, म्हणून लोक बूट हातात धरून खाली उतरत होते. साठ-पासष्ट माणसं. खुर्च्या संपल्या तशी मंडळी सतरंजीवर बसली, सतरंजी संपली तशी पायऱ्यांवर. समोरच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली एक स्टूल, आणि स्टुलावर माझी मुलगी उपासना. पाठ लोकांकडे, अंगात मागून उघडा असलेला दवाखान्याचा गाऊन. तिच्या पाठीचे मणके मला शेवटच्या रांगेतून मोजता येत होते.

"इथं कोणी उदबत्ती लावली आहे का?" डॉ. सत्यजितनं विचारलं. "नारळ? लिंबू? मंत्र?"

"नाही," लोक म्हणाले.

"मॅग्नेटला जात असते का? धर्म असतो का?"

लोक हसले. टाळ्या पडल्या. आमच्या माणसांची नस त्याला बरोबर सापडली होती. मग त्यानं उपासनाचा रिपोर्ट वर धरला.

"हा कागद माझा नाही, अमेरिकन हॉस्पिटलचा आहे. यात लिहिलंय की हिच्या फुप्फुसातल्या पेशी लोहानं भरल्यात. लोह म्हणजे आयर्न. आता मला सांगा, आयर्नला काय ओढतं?"

"मॅग्नेट," सगळे म्हणाले.

"दुसरीतलं पोरगं सांगेल. पण औषध कंपनी सांगणार नाही, कारण मॅग्नेटचं पेटंट मिळत नाही."

त्यानं बरणीतून काळपट जेल काढलं आणि उपासनाच्या पाठीवर थापलं. निलगिरीचा वास जिन्यापर्यंत आला. हे 'आयन जेल', कातडीची भोकं उघडतं, दहा मिनिटं थांबायचं. दहा मिनिटांनी पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला साबणाच्या वडीएवढा लोहचुंबक त्यानं तिच्या पाठीवरून खालून वर फिरवला आणि लोकांसमोर धरला. फडक्यावर काळी लव उभी राहिली होती. सुरवंटाच्या अंगावर असते तशी, हलणारी.

साठ फोन एकदम वर गेले. माझा जावई विवेक सगळ्यात पुढे होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. लहूभाऊ इथल्या आंबेडकरी मंडळाचे अध्यक्ष, रस्तेखात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "कांताताई, पाहिलंत? फुप्फुसातलं लोखंड तुम्हीही डोळ्यांनी पाहिलंत आज."

मी लेकीचे पाय पाहत होते. टाचा पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

उमरेडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी एकतीस वर्षं नर्सबाई होते. बाळंतपणं केली, लशी टोचल्या आणि लोहाच्या लाल गोळ्या घरोघर वाटल्या. बाईची खालची पापणी ओढून पाहिली की रक्त किती आहे ते मला कळायचं, यंत्र नंतर आलं. अंगात येणाऱ्या बायका पाहिल्या, पोटातून खिळे काढणारे बुवा पाहिले. त्यांच्याशी भांडणं सोपं होतं. लिंबू दिसला की आपली माणसं सावध होतात, कारण आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. हा माणूस लिंबू न आणता आला. आम्ही देवाला दारातून हाकललं आणि या चुंबकवाल्याला खुर्ची दिली.

उपासनाला मागच्या हिवाळ्यात खोकला लागला. मग थुंकीत गंजासारखा रंग दिसला, मग सरळ रक्त. हिमोग्लोबिन सातच्या खाली. हॉस्पिटलनं फुप्फुसात कॅमेऱ्याची नळी घातली, आजाराचं नाव सांगितलं, पल्मनरी हिमोसिडेरोसिस, आणि कारण सापडत नाही असंही स्पष्ट सांगितलं. रक्त दिलं, प्रेडनिसोन हे स्टेरॉइड सुरू केलं. रक्त थांबलं. पण तोंड सुजलं, गाल फुगले, रात्रीची झोप गेली. आणि डॉक्टर म्हणाले, आजार आटोक्यात येईपर्यंत बाळाचा विचार नको.

ही शेवटची गोष्ट तिला लागली. चौतीस वर्षांची बाई, एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, नागपूरच्या लॅबमधली नोकरी सोडून आलेली. इथं व्हिसा नवऱ्याच्या जिवावर, नोकरीची परवानगी नाही. सहा वर्षं ती दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये बसून होती. निदान बाळ तरी, असं तिनं मनाशी धरलं होतं. सत्यजितनं तेच ओळखलं. बारा बैठका, म्हणाला, गोळ्या सगळ्या बंद, आणि पुढच्या वर्षी पाळणा. पहिली बैठक फुकट होती, पुढच्या फुकट नव्हत्या.

पहिल्याच बैठकीला तिनं प्रेडनिसोन सोडलं. लोहाच्या गोळ्याही सोडल्या. "भरल्या टाकीत कोणी पाणी ओततं का?" असं तो म्हणाला म्हणून.

मी पाचव्या, म्हणजे वर सांगितलेल्या बैठकीच्या आधी अमेरिकेत, पिस्कॅटवेला लेकीकडे पोचले. आणि अडकले. मला गाडी येत नाही. माझा फोन घरातल्या वायफायवर बोलतो, दाराबाहेर पाऊल टाकलं की मुका. बिल्डिंगसमोरचा फुटपाथ दोनशे पावलांवर संपतो, पुढे नुसत्या धावणाऱ्या गाड्या. इंग्रजी समजतं, बोलायला गेलं की जीभ जड होते. आणि या सगळ्याहून जाड भिंत म्हणजे मी लेकीच्या घरी राहायला आलेली आई. जावयाच्या घरात आवाज किती चढवायचा याचं माप आम्हाला जन्मतः देतात.

तरी चढवला.

"विवेक, तिची पापणी बघा. कागद झालाय. रक्त तपासून आणा."

"आई, सत्यजित सरांनी सांगितलंय, सुरुवातीला फिकटपणा येणार. एक्स्ट्रा आयर्न बाहेर पडतंय ना. डिटॉक्स आहे तो."

"आणि लाल झाली असती तर?"

"तर बरं वाटतंय म्हणून लाल."

"म्हणजे काहीही झालं तरी तो बरोबर."

"आई, प्लीज. मी एम.एस. केलंय. मला सायन्स कळतं."

उपासना सोफ्यावर पडून होती. उठून बसली तरी तिला गरगरायचं. मी म्हटलं, मी नऊशे अकरा फिरवते, ॲम्ब्युलन्स बोलावते.

"फिरव," ती डोळे न उघडता म्हणाली. "ते येतील, मला विचारतील, मी नाही म्हणेन, ते जातील. इथं मोठ्या माणसाला मर्जीविरुद्ध उचलत नाहीत, आई. आणि तू परत गेल्यावर मला इथंच राहायचंय. या चार भिंतींत. मला उरलेल्या बैठका दे फक्त."

पोरगी मला विनवत होती की मला मरताना अडवू नकोस, आणि तिला वाटत होतं ती जगायला निघाली आहे.

त्यात मला एकच काम उरलं होतं, घरकाम. बैठकीनंतर तिची पाठ पुसलेला टॉवेल मी मंगळवारी धुवायला घेतला. आधी सिंकमध्ये खळबळला आणि पिळून डिशवॉशरच्या दारावर टाकला. त्या दारावर एक चपटा चुंबक असतो, एका बाजूला 'क्लीन' आणि दुसऱ्या बाजूला 'डर्टी', आतली भांडी धुतलीत की नाही ते कळायला. टॉवेल काढला तर चुंबकाच्या कडांना काळी मिशी फुटली होती.

मी विवेकला दाखवलं. तो हसला.

"अहो आई, पाठीतून निघालेलं आयर्नच आहे ते. जेलमध्ये उतरणार, टॉवेलला लागणार. यानं उलट प्रूव्हच झालं."

मला राग आला, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. वापरलेल्या टॉवेलनं काहीच सिद्ध होत नाही. पाठीला न लागलेलं जेल हवं. आणि बरणी सत्यजितच्या बॅगेत, सत्यजित रविवारी.

मंडळाच्या ग्रुपवरून मी लहूभाऊंच्या मुलीचा, पायलचा नंबर शोधला. ती इथंच जन्मलेली, हॉस्पिटलमध्ये रेस्पिरेटरी थेरपिस्ट, म्हणजे श्वासाचे रोगी सांभाळते. शनिवार-रविवार ड्युटी, त्यामुळे बापाच्या बेसमेंटमध्ये काय चालतं ते तिला ठाऊकच नव्हतं.

"काकू, वेट," ती म्हणाली. "प्रेडनिसोन सडनली बंद केलं? असं करत नाहीत. बॉडी स्वतःचं स्टेरॉइड बनवणं विसरलेली असते. बीपी क्रॅश होऊ शकतं. मला उपासनाताईशी बोलू द्या."

बोलली. उपासनानं ऐकलं आणि फोन मला परत दिला. "तिला मुलं नकोयत, ती काय बोलणार," एवढंच म्हणाली.

मी पायलला विचारलं, "हे लोह फुप्फुसात येतं कुठून? मला नीट सांग. मी आयुष्यभर लोह वाटलं, पण पोटात जातं तेवढंच शिकवलं होतं आम्हाला."

तिनं अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी करत सांगितलं, मी वहीत लिहून घेतलं. चांगल्या फुप्फुसातही थोडं लोह असतंच, श्वासातल्या धुळीतून येतं, रक्तातून झिरपतं. पण ते मोकाट सोडत नाहीत. आतल्या पातळ ओलाव्यात अशी प्रथिनं असतात जी लोह धरून ठेवतात, कारण मोकळं लोह आसपासच्या पेशी जाळतं आणि जंतूंना तर ते खाऊच. शिवाय झाडूवाल्या पेशी असतात, त्या जास्तीचं गिळून आत कोंडून ठेवतात. हिच्या आजारात केशवाहिन्यांतून रक्त गळतं. झाडूवाल्या पेशी ते रक्त गिळतात, त्यातलं लोह पोटात साठवतात आणि फुगून बसतात. ते लोह नवं रक्त बनवायला सहज परत मिळत नाही. म्हणून फुप्फुसात कोठार भरलेलं आणि अंगात उपासमार. रिपोर्ट खरा होता. त्याचा अर्थ खोटा सांगितला होता.

"आणि चुंबकानं ते निघतं का?"

"काकू, बाबांच्या गुडघ्याचा एमआरआय झालाय. ते मशीन म्हणजे ह्यूज मॅग्नेट. त्यांच्या रक्तातलं आयर्न बाहेर आलं का? पेशीतलं ते आयर्न असं खिळ्यासारखं नसतंच."

मग मी एक हिशेब विचारला. बाईच्या पूर्ण अंगात लोह किती? तीनेक ग्रॅम, ती म्हणाली. दोन लहान खिळे. मी फडक्यावरची लव आठवली. पाच बैठकांत त्यानं चहाचा चमचा भरेल एवढं काढलं होतं. हे तिच्या अंगातलं असतं तर ती दुसऱ्या बैठकीलाच गेली असती.

रविवारपर्यंतचे पाच दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. शुक्रवारी तिनं बेसिनमध्ये थुंकलं आणि नळ सोडून दिला. मी पाहिलं नाही असं तिला वाटलं.

रविवारी बेसमेंटमध्ये गर्दी दुप्पट. हर्नडनहून चार तास ड्राइव्ह करून एक कुटुंब आलं होतं, बापाला दमा. मागच्या टेबलावर पोह्यांसाठी कागदी ताटल्यांची चवड. पायल ड्युटी बदलून, दवाखान्याच्या निळ्या कपड्यांतच आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. उपासनाला विवेकनं दंडाला धरून जिना उतरवला.

सत्यजितनं बरणी उघडून ठेवली आणि जातपात, पेटंट, दुसरीतलं पोरगं सुरू केलं. मी उठले. एक ताटली घेतली, पुढे गेले आणि बरणीत दोन बोटं घातली.

"अहो काकू, काय करता?"

"थापते." मी जेल ताटलीवर फासलं. "दहा मिनिटं थांबायचं ना? थांबू."

लोक हसले, त्यांना वाटलं म्हातारी मदत करतेय. लहूभाऊ म्हणाले, "कांताताई, बसा हो."

"लहूभाऊ, तुम्ही इंजिनिअर. तो चुंबक उचला आणि या ताटलीवरून फिरवा. त्यांचाच चुंबक, त्यांचंच फडकं."

लहूभाऊंनी सत्यजितकडे पाहिलं, मग पायलकडे. पायल म्हणाली, "Do it, Baba." दहा मिनिटं झाली तशी त्यांनी फिरवला. वर धरला. फडक्यावर काळी लव, तितकीच दाट.

मी ताटली लोकांसमोर धरली.

"ही ताटली कधीपासून खोकते?" मी विचारलं. "हिच्या कोणत्या फुप्फुसात लोह साठलंय, उजव्या की डाव्या?"

सत्यजित डगमगला नाही. असली माणसं डगमगत नाहीत. "काकू, यू आर करेक्ट," तो गोड आवाजात म्हणाला. "जेलमध्ये सीड आयर्न आहेच. बीज-लोह. दह्याला विरजण लागतं ना? लोहाला लोह ओढतं. मी हे लपवलं कधी?"

आणि मी बघितलं, डोकी हलायला लागली. विरजण. हो, बरोबर आहे, विरजण लागतं. विवेकचंही डोकं हललं. तेव्हा मला खरंच वाटलं की या खोलीला दार नाही. ताटली दाखवली तर ताटलीचंही उत्तर आहे.

स्टुलावरून आवाज आला. "कंट्रोल कुठाय? तुलना कशाशी?"

उपासना बोलत होती, पाठ लोकांकडेच ठेवून.

"काय?" सत्यजितनं विचारलं.

"ताटलीतून जेवढं निघालं त्यापेक्षा माझ्यातून जास्त निघायला हवं. सीड अधिक माझं. सारखंच निघत असेल तर माझं शून्य." ती थांबून श्वास घेत होती, शब्द तुटत होते, पण लॅबमध्ये उभी असल्यासारखं बोलत होती. "पायल, माझ्या पाठीला आज जेल लागलेलं नाही. साबणानं पाठ पुस. मग जेलच्या जागी व्हॅसलीन लाव. आणि मॅग्नेट फिरव."

"अशानं एनर्जी फील्ड डिस्टर्ब..."

"सर, तुम्ही बसा," लहूभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

पायलनं पाठ पुसली, व्हॅसलीन लावलं, दहा मिनिटांनी नवं फडकं चढवलं, चुंबक फिरवला. खालून वर, वरून खाली, तीन वेळा. मग फडकं पुढच्या रांगेत दिलं. ते हातोहात जिन्यापर्यंत गेलं. पांढरंच.

"आता तुम्ही करा," उपासना सत्यजितला म्हणाली. "तुमच्या हातानं. फक्त जेल नको."

तो बरणीचं झाकण लावत होता. "तुमचा विश्वास नसेल तर रिझल्ट येत नाही."

"परवापर्यंत होता माझा," ती म्हणाली. "पूर्ण होता. तरी शुक्रवारी मी वाटीभर रक्त थुंकले."

विवेक उभा राहिला. "काय? तू सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू डिटॉक्स म्हणाला असतास."

एवढं बोलून ती खोकली आणि गाऊनची बाही लाल झाली. मग कोणी सत्यजितकडे पाहिलं नाही. पायलनं तिला खाली निजवून कुशीवर वळवलं, लहूभाऊंनी ॲम्ब्युलन्स बोलावली. गर्दी जिन्याच्या कडेला दाबून उभी राहिली. त्या गडबडीत सत्यजित बॅग घेऊन गेला. बरणी राहिली. पायलनं ती नंतर हॉस्पिटलमधल्या ओळखीच्या केमिस्टला दाखवली. कोळशाची पूड, निलगिरी, आणि लोखंडाचा बारीक भुगा, शाळेच्या प्रयोगांसाठी पाकिटात मिळतो तोच. बाकी काही नाही.

ईआरमध्ये, म्हणजे तातडीच्या कक्षात, हिमोग्लोबिन साडेपाच आलं, बीपी यंत्राला नीट लागेना. एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी विवेकला सरळ विचारलं, प्रेडनिसोन कधी बंद केलं, किती दिवस झाले, का?

विवेकचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. शेकडो माणसांसमोर इंग्रजीतून प्रेझेंटेशन देणारा माणूस. त्यानं आधी म्हटलं, विसरलो. मग म्हटलं, गोळ्यांचं रिफिल संपलं. डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या. रिफिल संपलं असेल तर दोन-चार दिवसांचा खंड. प्रत्यक्षात पाच आठवडे झाले होते. नुसत्या नर्सबाईलाही कळतं की दोन दिवसांचं औषध वेगळं आणि पाच आठवड्यांचं वेगळं.

"विवेक," मी म्हटलं, "खरं सांगा. तिला हवं ते औषध त्यांना ठरवता यायला हवं."

"आई, काय सांगू यांना?"

"जे केलं ते."

त्यानं सांगितलं. चुंबक, जेल, बेसमेंट, पाच आठवडे. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी आधीचं खोडलं, नवं लिहिलं, नर्सला हाक मारली आणि पाच मिनिटांत शिरेतून मोठ्या डोसचं स्टेरॉइड सुरू झालं. मग रक्त.

उपासना वाचली. पण सुटली असं मी लिहिणार नाही. फुप्फुसावर व्रण पडला आहे, तोंड परत सुजलं आहे, बाळाची गोष्ट लांबली आहे. व्हिसा तोच, खोल्या त्याच. झाडूवाल्या पेशींनी कोंडलेलं लोह तिथंच आहे, कुठलाच चुंबक ते काढणार नाही. नवी गळती थांबवणं एवढंच औषधाच्या हातात आहे, आणि ते औषध ती रोज सकाळी तोंड वाकडं करून घेते. सत्यजितचं पुढचं शिबिर क्युपर्टिनोला लागलं आहे, पोस्टर माझ्या फोनवर आलं. लहूभाऊंनी त्याखाली ताटलीचा व्हिडिओ टाकला. त्यावर रागावून ग्रुपमधल्या बारा जणांनी मंडळ सोडलं.

त्या बारा जणांना, आणि तुम्हालाही, मी एवढंच म्हणते. प्रत्येकाला एमआरआय, प्रथिनं, पेशी कळल्या पाहिजेत असं नाही, मलाही वहीत लिहून घ्यावं लागलं. पण आजारी माणसाला एखादा उपचार सुरू करताना एकदा मनात डॉक्टरांसमोर उभे राहा आणि तो उपचार मोठ्यानं, पूर्ण, तारखेसकट सांगून पाहा. जो सांगताना तुमची जीभ अडखळेल, तो तुमच्या माणसाच्या अंगाला लावू नका.